किती फर्म्यांची होईल?

“किती फर्म्यांची होईल?” हा एका प्रकाशकांनी माझ्या पहिल्या कादंबरीविषयी मला विचारलेला पहिला प्रश्न होता. बँकेतली जेवणाची सुटी चालू होती आणि मी मागच्या जिन्यात उभी राहून, खालून येणाऱ्या स्कूटरच्या आवाजामुळे एक कान हाताने झाकून, त्यांचे बोलणे ऐकत होते. त्यांचा स्वर सौम्य होता. ते मला मॅडम म्हणत होते आणि मध्ये बोलणे तोडले की क्षमा मागत होते. मी हस्तलिखिताची शब्दसंख्या सांगितली, तसा त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला: डेमी आकारात साधारण दोनशे चाळीस पाने, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे पंधरा फर्मे, तीनशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या दीडशे प्रती मी सवलतीच्या दरात विकत घ्यायच्या, निम्मी रक्कम आधी आणि निम्मी छपाईनंतर द्यायची. मुखपृष्ठासाठी माझ्या मनात कोणी चित्रकार असल्यास त्यांची हरकत नव्हती. दिवाळीपर्यंत पुस्तक हातात येईल, असे त्यांनी सांगितले आणि माझे मनापासून अभिनंदन केले.

कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती. मी ती अजून पाठवलीच नव्हती.

त्या दिवशी काउंटरवर परत आल्यावर मी पासबुके छापत राहिले, पण मनात काहीतरी सारखे टोचत होते आणि ते काय आहे हे मला बराच काळ उमगले नाही. नकाराची तयारी मी करून ठेवली होती. ज्यांना लिहायचे असते ती माणसे ती तयारी फार लवकर करतात. पहिले वाक्य कागदावर येते त्याच सुमारास ‘साभार परत’ची भीतीही मनात येऊन बसलेली असते. होकार इतका सोपा असेल आणि तो इतका पोकळ वाटेल, याची मात्र कल्पना नव्हती. ही कादंबरी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांविषयी आहे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, तिथल्या घट्ट मातीत खोल खणलेली, हळद साठवायची ती पेवे माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या काकांच्या रोजच्या बोलण्यात असायची. काका हमाल होते. त्यांची नखे बारा महिने पिवळी असत आणि ते पाणी प्यायला आमच्या ओट्यावर बसले की ते उठून गेल्यावरही हळदीचा तो कोरडा, किंचित कडवट वास तिथे रेंगाळत राही. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर पडू द्यायची असते, हे मी त्यांच्याकडून ऐकले. माझ्या कादंबरीत एक म्हातारा हमाल ती हवा निघण्याआधीच आत उतरतो. तो का उतरतो हे मी कुठेही सांगितलेले नाही. ते वाचणाऱ्याला कळते का, एवढे एकच मला कोणाकडून तरी जाणून घ्यायचे होते. फोनवरच्या त्या गृहस्थांनी मला तारीख दिली, दर दिला, कागदाचा प्रकारही सांगितला; पण हा हमाल त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

मग मला वडिलांच्या ट्रंकेतले पाकीट आठवले. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि तरुणपणी त्यांनी एक कथा मुंबईच्या एका मासिकाला पाठवली होती. आपला पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले परतीचे पाकीट सोबत जोडायचे, अशी तेव्हाची रीत होती, आणि ते पाकीट त्यांच्याच अक्षरातला पत्ता घेऊन त्यांच्याच दारात परत आले. दहावीच्या सुटीत दिवाळी अंकांचा जुना गठ्ठा उपसताना ते मला सापडले. कागद पिवळसर झाले होते, टाचणीने गंजाचा डाग उमटवला होता आणि जवळजवळ प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. कुठे एखादे विशेषण गोलात घेतलेले होते, कुठे संवादाशेजारी प्रश्नचिन्ह होते. उपान्त्य पानाच्या तळाशी, एखाद्या शिक्षकाने वहीत लिहावे तशा अक्षरात लिहिले होते: “कथा इथे संपली आहे. पुढचे पान कशासाठी?” मी ती कथा त्या ओळीपर्यंत वाचली आणि मग पुढचे पानही वाचले. त्या अनोळखी माणसाचे म्हणणे बरोबर होते. त्या वयातही ते मला कळले. वडिलांना मी काहीच विचारले नाही, कारण त्यानंतर त्यांनी कोठेही कथा पाठवली नाही, हे मला आईकडून माहीत होते. आजही त्या पाकिटाविषयी माझ्या मनात दोन भावना एकाच वेळी असतात. एका पूर्णपणे अपरिचित शिक्षकाची कथा कोणीतरी शब्दन् शब्द वाचली होती, त्याच्यासाठी पेन्सिल हातात घेतली होती, यापेक्षा मोठा सन्मान मला सुचत नाही. आणि तरीही त्याच पेन्सिलीने एक लिहिणारा माणूस कायमचा थांबला.

म्हणून जुन्या काळाचे गोडवे गाणे मला जमत नाही. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाविषयी आपण सगळ्यांनीच इतके ऐकलेले असते की तिथे कथा छापून येणे म्हणजे लेखक होणे, असा एक समज मराठी घरांत अजून टिकून आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या तिथल्या संपादकांनी नवख्या लेखकांना सविस्तर पत्रे लिहिली, कथा पुन्हा लिहायला लावल्या, काही कथा तर अनेकदा परत पाठवल्या, हे त्या लेखकांनीच नोंदवून ठेवलेले आहे. १९८२मध्ये ते मासिक बंद पडले आणि लेखकाला इतका वेळ देणारी ती जागा मिटली, ही खरीच हानी होती. पण त्याआधीच, १९६०च्या दशकात, त्या दाराबाहेर उभी असलेली तरुण मंडळी सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेली अनियतकालिके काढत होती. १९६९मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्यांची तक्रार अशी होती की, एका अभिरुचीचे माणूस जेव्हा दार राखते तेव्हा वेगळ्या वस्तीतून, वेगळ्या बोलीतून आलेले लिखाण त्याला लिखाणच वाटत नाही. त्याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केले आणि दलित लेखकांच्या एका संपूर्ण पिढीला लिहिण्यासाठी स्वतःचे घर मिळाले. ज्यांना दार उघडले नाही त्यांनी भिंतीत दुसरे दार पाडले. कोणता काळ बरा होता, हा वाद मला घालायचा नाही. मला एवढेच दिसते की, या सगळ्या ठिकाणी, ‘सत्यकथे’त, ‘अस्मितादर्श’मध्ये, त्या फिकट शाईच्या अनियतकालिकांतही, कोणीतरी दुसऱ्याचे लिखाण वाचत होते आणि त्यावर भांडायला तयार होते.

१९६३मध्ये रा. ज. देशमुखांनी पुण्यातून ‘कोसला’ प्रकाशित केली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. तशी कादंबरी तोवर मराठीत नव्हती. म्हणजे ती विकली जाईल असे सांगणारा कोणताही आधीचा दाखला प्रकाशकाजवळ नव्हता. हस्तलिखित वाचून झाल्यावर स्वतःच्या वाचनावर विसंबून राहण्यावाचून देशमुखांना दुसरा आधार नव्हता. आज माझ्यासारख्या नवख्या लेखिकेला एखाद्या प्रकाशकाकडून काय हवे असते, हे मला कोणी विचारले तर मी तेवढेच सांगेन: माझे पुस्तक छापा अथवा छापू नका, पण तुम्ही ते वाचून ठरवा.

हे बोलणे सोपे आहे आणि प्रकाशकाच्या खुर्चीत बसणे अवघड आहे, हेही मी नंतर समजून घेतले. बँकेत असल्यामुळे आकडे मला परके नाहीत. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकावर वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस ते पन्नास टक्के घेतात. म्हणजे प्रकाशकाच्या हाती दीडशे ते एकशे ऐंशी रुपये येतात आणि तेही पुस्तक विकले गेल्यानंतर कित्येक महिन्यांनी. त्यातून कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, गोदामाचे भाडे आणि लेखकाचे मानधन भागवायचे. दहा टक्के मानधन धरले तर पाचशे प्रतींची संपूर्ण आवृत्ती संपल्यावर लेखकाला मिळतात पंधरा हजार रुपये. एके काळी हजार-अकराशे प्रतींची पहिली आवृत्ती सहज काढली जाई; आता नव्या नावाच्या कादंबरीसाठी पाचशे, तीनशे, कधी त्याहूनही कमी प्रती छापतात. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालये उभी राहिली आणि त्यांच्या खरेदीवर मराठी कादंबरी बराच काळ तगली. पण वाचनालयाच्या यादीत अनोळखी नाव शिरायला वेळ लागतो, आणि अनुदान उशिरा आले की सर्वांत आधी काट बसते ती याच अनोळखी नावावर. आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल मला एकदा म्हणाले होते, “ताई, सभासद कपाटापुढे उभे राहतात आणि ओळखीचेच नाव शोधतात. नवीन पुस्तक मी स्वतः हातात दिले तरच घरी जाते.” त्यांचा दोष नाही आणि सभासदांचाही नाही. या साखळीत ज्याच्या खिशातून पैसे काढणे सर्वांत सोपे आहे असा एकच माणूस उरतो आणि तो म्हणजे पुस्तक यावे म्हणून आसुसलेला लेखक.

या आसुसलेपणातून काय होते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली कादंबरी अशीच स्वखर्चाने काढली. प्रकाशन समारंभ चांगला झाला; सभागृह भरले होते, शाली-श्रीफळे झाली, अल्पोपाहाराला गरम बटाटेवडे होते आणि ते गृहस्थ इतके आनंदात होते की त्यांच्याकडे पाहून डोळे भरून येत. घरी जाऊन मी पुस्तक उघडले. त्यांनी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये बदलून घेताना जोडाक्षरे तुटली होती. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता आणि एका प्रकरणात तर प्रत्येक ‘ष्ट’च्या जागी रिकामा चौकोन होता. एकाच पात्राचे नाव दोन प्रकरणांत दोन प्रकारे आले होते. हे सगळे एका वाचनात सापडण्यासारखे होते. याचा अर्थ ते एक वाचनही झाले नव्हते. त्याहून अधिक वाईट मला याचे वाटले की, त्या कादंबरीत फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या एका सिंधी कुटुंबाची चाळीसेक पाने आहेत आणि ती पाने अस्सल आहेत. कोणीतरी त्यांना सांगायला हवे होते की, तुमची कादंबरी ही आहे, बाकीचे बाजूला ठेवा. ते सांगणारे माणूस त्यांना मिळाले नाही. उरलेल्या प्रती त्यांच्या दिवाणाखाली आहेत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते अजूनही तितक्याच प्रेमाने स्वाक्षरी करून एक प्रत देतात.

तशी वाट अगदीच बंद नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तीत पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित तज्ज्ञ तपासतात आणि ते पसंत पडले तर प्रकाशनासाठी अनुदान मिळते. साहित्य अकादमीने २०११पासून पस्तीस वर्षांच्या आतल्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला आणि त्यामुळे मराठीतल्या अनेक पहिल्यावहिल्या पुस्तकांकडे लोकांचे लक्ष गेले. (माझ्यासारख्या, मुले मोठी झाल्यावर लिहायला बसलेल्या बायकांचे ते वय मागे पडलेले असते. घरातली सगळी माणसे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप उघडणाऱ्या अशा कितीतरी जणी आहेत आणि त्यांचे पहिले पुस्तक चाळिशीनंतर येते. नवेपणा वयात मोजला की त्या कुठेच नव्या ठरत नाहीत.)

माझ्यापुरते दार उघडले ते दिवाळी अंकातून. १९०९मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा पाठवण्यासाठी मराठी माणसाजवळ वर्षातून एकदा तरी एक पत्ता असतोच, आणि जगात इतरत्र नवख्या लेखकांना असे काही मिळत असेल का, असे मला अनेकदा वाटते. मोठ्या अंकांची पाने नामवंतांनी आधीच भरलेली असतात. पण जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणारे, स्थानिक सराफांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिरातींवर उभे असलेले अंक एप्रिल-मेपासून कथांच्या शोधात असतात. त्यांतल्या एका अंकाचे संपादक महाविद्यालयात शिकवतात आणि अंकाचे काम रात्री करतात. माझी कथा पोचल्यानंतर आषाढातल्या एका रात्री, पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की शब्द नीट ऐकू येत नव्हते, त्यांचा फोन आला. “ताई, शेवटच्या परिच्छेदात ती रडते असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी ती ताट वाढून घेते आणि न जेवता झाकून ठेवते. मला तिथेच सगळे कळले होते. ते रडणे तुम्हाला हवेच आहे का, ते सांगा. हवे असेल तर मी काढणार नाही.” आम्ही त्या एका वाक्यावर कितीतरी वेळ बोललो. मी आधी अडून बसले, मग ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिले, मग काढले. त्या अंकाने मानधन दिले नाही. दोन प्रती टपालाने आल्या, त्यांतली एक भिजलेली होती. पण ट्रंकेतल्या पाकिटावरची पेन्सिल आणि रात्रीचा हा फोन यांच्यात मला एक फरक दिसला. वडिलांना जे कागदावर लिहून आले ते मला विचारून झाले. माझ्याजवळ उत्तर द्यायची संधी होती. वडिलांनाही कोणी असा फोन केला असता तर त्यांनी दुसरी कथा लिहिली असती का, हा प्रश्न मला सुटत नाही.

फर्म्यांचा हिशेब करणाऱ्या त्या प्रकाशकांना मी नंतर नम्रपणे नकार कळवला. हस्तलिखित त्या संपादकांच्याच ओळखीने एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. तिथून मधले बरेच महिने काही कळले नाही आणि त्या काळात मी रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून ईमेल उघडत असे. पुस्तक काढायचे की नाही हे त्यांनी आधी सांगितलेच नाही. आधी आले ते एका वाचकाचे टिपण. पाने कमी करा, असे त्यात कुठेही नव्हते. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि हमालाचे मन मात्र हरिपूरच्या बोलीत विचार करते, मग एकाच परिच्छेदात निवेदन त्याच्या मनात शिरते तेव्हा भाषा कोणाची, असा प्रश्न होता. तो मला माझ्या मनात कधी इतक्या स्पष्टपणे पडला नव्हता. आणि सर्वांत शेवटी, जणू सहज, लिहिले होते: “म्हातारा लवकर का उतरतो हे मला कळले असे वाटते. मला जे कळले ते बाजूच्या कागदावर लिहिले आहे. तुमच्या मनातले तेच आहे का ते पाहा.” तो कागद मी आमच्या शाखेतल्या लॉकरच्या खोलीत जाऊन वाचला. त्यांना कळलेले कारण माझे नव्हते. ते माझ्यापेक्षा साधे होते आणि अधिक दुःखाचे होते, आणि ते कथेतच होते.

पाचशे प्रती, दहा टक्के मानधन, माझ्याकडून एकही रुपया नाही, असा करार झाला आहे. तिसरे आणि सातवे प्रकरण मी पुन्हा लिहीत आहे. बोलीचा वाद अजून मिटलेला नाही; मी एक मसुदा पाठवते, तिकडून तो खुणा होऊन येतो, आणि काही खुणा मी मान्य करत नाही.

दरम्यान आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच-सहा जण जमू लागलो आहोत. ग्रंथपालांनी मासिकांची खोली उघडून दिली आहे. प्रत्येकाने दुसऱ्याचे लिखाण घरी वाचून यायचे आणि तोंडावर बोलायचे, एवढाच नियम आहे. गेल्या वेळी अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलाने २०१९च्या महापुरात गच्चीवर अडकलेल्या भाडेकरूंची कथा आणली होती. पहिली दोन पाने पावसाच्या वर्णनाची होती. तिसऱ्या पानावर मालकीणबाई भाडेकरूंच्या मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या मोजते आणि एक बाटली पदराखाली ठेवते. मी त्याला म्हटले की, तुझी कथा त्या बाटलीपासून सुरू होते असे मला वाटते, पण आधीची पाने का हवीत ते तू मला पटवून दे. तो चिडला. पाऊस न सांगता पूर कसा कळेल, असे त्याने विचारले, आणि त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आम्ही वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्यावर बोललो. शेवटी त्याने दोन्ही प्रकारे लिहून पाहायचे आणि मेअखेर त्यांतली एक कथा दिवाळी अंकाला पाठवायची, असे ठरले. कोणती पाठवायची ते तो स्वतः ठरवणार आहे.